वायफाय ॲक्सेस पॉइंटची ‘प्रगत’ सेटिंग : सीमाभागातील घर, दुकान आणि वाचनालयासाठी संदर्भ

बेळगाव, खानापूर, संकेश्वर, चिकोडी आणि निपाणी या पट्ट्यात फायबरची जोडणी आता मोठ्या गावांपुरती राहिलेली नाही. अभ्यासिका, बियाणांची दुकाने, पतसंस्था, मंगल कार्यालये, चोर्ला घाटाच्या वाटेवरील उपाहारगृहे अशा अनेक ठिकाणी वायफायचा डबा भिंतीवर दिसतो. जोडणी देणारा कर्मचारी नाव आणि पासवर्ड घालून जातो आणि त्यानंतर त्या डब्याच्या अंतरंगात सहसा कोणी डोकावत नाही. वेग कमी वाटला की दोष कंपनीला दिला जातो. तो कधी खरा असतो. परंतु अनेकदा अडचण कंपनीच्या तारेत नसून तार संपल्यानंतरच्या शेवटच्या दहा-वीस मीटर हवेत असते. ती दूर करण्याची साधने उपकरणाच्या ‘ॲडव्हान्स्ड’ नावाच्या पानावर असतात.

ते पान इंग्रजीत असते, त्यातील शब्द तांत्रिक असतात आणि चुकीचा आकडा भरल्यास जाळे बंद पडण्याची भीती असते. त्यामुळे त्यातील प्रमुख सेटिंगांचा अर्थ, त्यांचा परिणाम आणि कोणते बदलावे, कोणते बदलू नये, याची एकत्र मांडणी येथे केली आहे. निरनिराळ्या कंपन्यांच्या उपकरणांत शब्द थोडे वेगळे असतात. कल्पना मात्र सर्वत्र त्याच आहेत.

राउटर आणि ॲक्सेस पॉइंट यांतील भेद

राउटर हा घरातील जाळे आणि बाहेरील इंटरनेट यांच्यामधील दरवाजा होय. प्रत्येक उपकरणाला अंतर्गत पत्ता देणे, म्हणजे डीएचसीपी चालवणे, हे त्याचे काम. ॲक्सेस पॉइंट हा केवळ तारेतील माहिती हवेत सोडणारा आणि हवेतील माहिती तारेत घेणारा दुवा असतो. कंपनीने दिलेल्या डब्यात बहुधा ही दोन्ही कामे एकत्र असतात.

दुसऱ्या मजल्यासाठी किंवा मागच्या गोदामासाठी दुसरा राउटर आणून तो ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरला जातो, तेव्हा सर्वाधिक घोटाळा होतो. दोन्ही डबे पत्ते वाटू लागतात आणि काही फोन चालतात, काही चालत नाहीत. अशा वेळी दुसऱ्या डब्यावर ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ निवडावा. तो पर्याय नसेल तर त्याचा डीएचसीपी बंद करावा, त्याला मुख्य राउटरच्याच मालिकेतील पण वेगळा, स्थिर पत्ता द्यावा आणि तार ‘वॅन’ खोबणीत न लावता ‘लॅन’ खोबणीत लावावी. मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर दुसऱ्याला १९२.१६८.१.२ देता येईल; मात्र हा पत्ता मुख्य राउटरच्या वाटपाच्या यादीतून वगळावा. दोन डब्यांमधील तांब्याच्या तारेची लांबी १०० मीटरच्या आत असावी. इथरनेटची मर्यादाच तेवढी आहे.

बदलापूर्वीची तयारी

कोणताही आकडा बदलण्यापूर्वी चार गोष्टी कराव्यात. सध्याच्या सेटिंगची प्रत ‘बॅकअप’मधून उतरवून ठेवावी. फर्मवेअर, म्हणजे उपकरणाची अंतर्गत प्रणाली, अद्ययावत करावी आणि ते करताना वीज जाणार नाही याची काळजी घ्यावी. निम्म्यात वीज गेल्यास उपकरण निकामी होऊ शकते. व्यवस्थापनाचा पासवर्ड मूळ ‘ॲडमिन’ राहिला असेल तर तो बदलावा. आणि हे सर्व वायफायवरून न करता तारेने जोडलेल्या संगणकावरून करावे, कारण वायफायचे सेटिंग चुकले तर वायफायवरून परत आत जाता येत नाही.

एका वेळी एकच बदल करावा, निदान एक दिवस निरीक्षण करावे आणि वहीत नोंद ठेवावी. पाच बदल एकत्र केले आणि वेग वाढला वा घटला, तर कारण कोणते हे कळण्यास मार्ग उरत नाही.

देशाचे नाव आणि कायदा

प्रगत पानावरील पहिला पर्याय बहुधा ‘कंट्री’ वा ‘रीजन’ हा असतो. तेथे भारतच असावा. कोणते चॅनल वापरता येतील आणि किती शक्तीने प्रक्षेपण करता येईल, हे या एका निवडीवरून उपकरण ठरवते. जास्त शक्ती मिळेल या समजुतीने दुसऱ्या देशाचे नाव निवडण्याची युक्ती काही तंत्रज्ञ सांगतात. ती नियमबाह्य आहे आणि तिच्यामुळे भारतातील फोनांना न दिसणारे चॅनल निवडले जाण्याचाही धोका असतो.

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने परवानामुक्त झाला. त्यात अँटेनाच्या लाभासह प्रक्षेपणाची कमाल मर्यादा ४ वॅट आहे. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील ६०५ मेगाहर्ट्झ इतका विस्तृत भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये मोकळा करण्यात आला. त्यापूर्वीच्या काळात घेतलेली काही उपकरणे ५ गिगाहर्ट्झमध्ये मोजकेच चॅनल दाखवतात, याचे एक कारण येथे सापडते. ६ गिगाहर्ट्झच्या खालच्या भागासाठीच्या नियमांचा मसुदा केंद्राने मे २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. परदेशातून आणलेल्या नव्या उपकरणात हा पट्टा दिसला तरी ते उपकरण भारतासाठी मंजूर आहे का, हे आधी पाहावे.

पट्टा, चॅनल आणि रुंदी

२.४ गिगाहर्ट्झ दूर पोहोचतो, भिंतीतून तुलनेने बरा जातो, पण गर्दीचा आहे. ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन आणि शेजाऱ्यांची सर्व जुनी उपकरणे तेथेच असतात. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आणि मोकळा आहे, पण भिंतीपुढे लवकर क्षीण होतो. म्हणून फोन, लॅपटॉप आणि दूरचित्रवाणी संच ५ वर, तर सीसीटीव्ही कॅमेरे, जुनी छपाईयंत्रे आणि केवळ २.४ ओळखणारी उपकरणे २.४ वर, अशी विभागणी सोयीची ठरते.

२.४ गिगाहर्ट्झमध्ये १ ते १३ असे चॅनल असले तरी शेजारच्या दोन चॅनलांमधील अंतर फक्त ५ मेगाहर्ट्झ असते आणि एका प्रक्षेपणाला किमान २० मेगाहर्ट्झ लागतात. त्यामुळे एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच : १, ६ आणि ११. ‘कोणी वापरत नाही’ म्हणून ३ किंवा ८ निवडणे म्हणजे दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचा गोंगाट ओढवून घेणे होय. एकाच चॅनलवरील दोन उपकरणे एकमेकांचे बोलणे ऐकून पाळीपाळीने बोलतात. अर्धवट चढलेल्या चॅनलांवरील उपकरणांना समोरचे बोलणे केवळ आवाज म्हणून ऐकू येते. शहापूर, वडगावच्या अरुंद गल्ल्यांत किंवा खडेबाजारासारख्या दाट वस्तीत, जेथे एका खोलीत वीस-पंचवीस नावे दिसू शकतात, तेथे हा भेद महत्त्वाचा ठरतो.

रुंदीचा, म्हणजे ‘चॅनल विड्थ’चा, पर्याय २०, ४०, ८० आणि १६० मेगाहर्ट्झ असा असतो. रुंदी दुप्पट केली की कमाल वेग साधारण दुप्पट होतो. पण सोबत ग्रहण होणारा गोंगाटही दुप्पट होतो आणि मोकळ्या चॅनलांची संख्या निम्मी होते. २.४ मध्ये नेहमी २० ठेवावे. ५ मध्ये एकच ॲक्सेस पॉइंट असलेल्या घरी ८० योग्य. चार-पाच ॲक्सेस पॉइंट असलेल्या शाळेत किंवा मंगल कार्यालयात ४० किंवा २० अधिक शहाणपणाचे. १६० ची निवड कागदावर आकर्षक असली तरी दाट वस्तीत ती क्वचितच टिकते.

५ गिगाहर्ट्झमधील ३६ ते ४८ आणि १४९ ते १६५ हे चॅनल सरळ वापरता येतात. मधल्या ५२ ते १४४ या चॅनलांवर रडारचा अग्रहक्क असतो आणि तेथे डीएफएस ही पद्धत लागू होते. उपकरण सुरू झाल्यावर निदान एक मिनिट शांत राहून ऐकते. पुढे कधीही रडारचा स्पंद जाणवला तर दहा सेकंदांत तो चॅनल सोडते आणि अर्धा तास तेथे परतत नाही. सांबरा विमानतळ आणि हवाई दलाच्या परिसरासारख्या ठिकाणी, किंवा कोठेही वायफाय अधूनमधून अकारण मिनिटभर नाहीसे होत असल्यास, चॅनल या मधल्या पट्ट्यात आहे का हे प्रथम पाहावे. असल्यास ३६ किंवा १४९ वर आणून फरक पडतो का ते तपासावे.

शक्ती वाढवणे हा उपाय नव्हे

‘ट्रान्समिट पॉवर’ कमालीवर ठेवली की जाळे दूरवर पोहोचते, ही समजूत अर्धीच खरी आहे. शक्ती डीबीएम या मापात दिली जाते : २० डीबीएम म्हणजे १०० मिलिवॅट, २३ म्हणजे २००, १७ म्हणजे ५०. ॲक्सेस पॉइंट मोठ्याने बोलू शकतो, पण खिशातील फोनची शक्ती बहुधा त्याहून कमी असते. म्हणून अंगणाच्या टोकाला फोनवर सर्व रेघा दिसतात, तरी संदेश जात नाही. फोनला डबा ऐकू येतो. डब्याला फोन ऐकू येत नाही.

एकच ॲक्सेस पॉइंट असल्यास कमाल शक्तीचे फारसे नुकसान नसते. अनेक असल्यास मात्र २.४ ची शक्ती मध्यम किंवा कमी आणि ५ ची त्याहून थोडी जास्त ठेवावी. त्यामुळे फोन ५ कडे वळतात आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेल्यावर जुन्या, दूरच्या डब्याला चिकटून राहत नाहीत. फोनवरील मोजमापाच्या ॲपमध्ये उणे ६५ डीबीएमच्या आसपासचा आकडा व्हिडिओ संभाषणास उत्तम. उणे ७५ च्या खाली गेल्यास तक्रारी सुरू होतात.

भिंती, कौले आणि पत्रे

कोणतेही सेटिंग चुकीच्या जागेची भरपाई करू शकत नाही. खानापूरकडील जांभ्या दगडाच्या जाड भिंती, जुन्या वाड्यांतील काळ्या दगडाची बांधणी आणि नव्या इमारतींतील सळयांनी भरलेला स्लॅब हे तिन्ही ५ गिगाहर्ट्झला मोठा अडथळा करतात. मंगळुरी कौलांतून लहरी तुलनेने सहज जातात. लोखंडी पत्र्यातून मात्र त्या परावर्तित होतात. उद्यमबागेतील कारखान्यांत किंवा निपाणीतील पत्र्याच्या गोदामांत एकच शक्तिशाली डबा दरवाजाजवळ लावण्यापेक्षा आत तार नेऊन दोन मध्यम डबे लावणे किफायतशीर पडते. डबा लोखंडी कपाटावर, फ्रिजमागे किंवा टीव्हीच्या पाठीशी ठेवू नये. छातीपेक्षा उंच आणि खोल्यांच्या मध्यभागी ठेवावा.

एप्रिल-मे महिन्यांतील वळवाच्या विजांचाही विचार हवा. छतावर किंवा बाहेर लावलेल्या उपकरणासाठी अर्थिंग आणि लाट-रोधक आवश्यक आहे. इथरनेटच्या तारेतूनच वीज देण्याची पीओई पद्धत वापरताना उपकरणाची गरज आणि पुरवठा जुळतात का ते पाहावे : ‘८०२.३एएफ’ या प्रमाणकात १५.४ वॅटपर्यंत, तर ‘एटी’मध्ये ३० वॅटपर्यंत वीज सोडली जाते.

नाव देवनागरीत ठेवता येते का?

येते, पण मर्यादेत. जाळ्याच्या नावासाठी, म्हणजे एसएसआयडीसाठी, ३२ बाइट्सची जागा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक वर्ण, काना, मात्रा, वेलांटी आणि पायमोडका हलन्त यांना प्रत्येकी तीन. ‘निपाणी’ या शब्दात तीन वर्ण आणि तीन स्वरचिन्हे, म्हणून १८ बाइट्स, ‘बेळगाव’लाही तितकेच. ‘सार्वजनिक वाचनालय’ हे नाव मात्र रिक्त जागेसह ४९ बाइट्सचे होते आणि ते बसत नाही. साधारण दहा चिन्हांपर्यंतचे मराठी नाव चालते. काही जुनी उपकरणे ते चौकोन किंवा प्रश्नचिन्हे म्हणून दाखवतात. छपाईयंत्रासारखी उपकरणे जोडायची असल्यास त्यांच्यासाठी रोमन लिपीतील नाव ठेवणे इष्ट. पासवर्डच्या बाबतीत मात्र पर्याय नाही : डब्ल्यूपीए२ चा पासवर्ड ८ ते ६३ रोमन अक्षरे, अंक व चिन्हांचाच असतो.

नाव लपवण्याचा पर्याय सुरक्षिततेच्या दृष्टीने निरुपयोगी आहे. लपवलेले नाव साध्या साधनाने दिसते आणि उलट प्रत्येक फोन बाहेरही त्या नावाचा पुकारा करीत फिरतो.

नावे किती असावीत, यालाही अर्थ आहे. प्रत्येक नावासाठी उपकरण सेकंदाला जवळपास दहा वेळा ‘बीकन’ नावाची घोषणा करते. ही घोषणा सर्वांत मंद वेगाने होते. २५० बाइट्सची घोषणा १ मेगाबिट वेगाने पाठवण्यास सुमारे २.२ मिलिसेकंद लागतात, म्हणजे एका नावामागे हवेतील दोन टक्क्यांहून अधिक वेळ खर्च होतो. पाच नावे ठेवल्यास एकही बाइट वापरला नसताना दहा टक्क्यांहून जास्त वेळ गेलेला असतो, आणि शेजारी त्याच चॅनलवर असल्यास त्यांचा खर्च वेगळा. दोन, फार तर तीन नावे पुरेत.

नाजूक आकडे

‘बीकन इंटरव्हल’ मूळचा १०० असतो. तो सुमारे १०२.४ मिलिसेकंदांइतका होतो. तो बदलण्याचे कारण क्वचितच असते. ‘डीटीआयएम’ म्हणजे झोपलेल्या फोनांना सामूहिक संदेशासाठी किती बीकननंतर जागे करावे, याचा आकडा. १ ते ३ योग्य. तो वाढवल्यास बॅटरी वाचते, पण सूचना आणि छपाईयंत्राचा शोध मंदावतो.

‘मिनिमम रेट’ किंवा ‘बेसिक रेट’ हा पर्याय असल्यास तो उपयुक्त आहे. १, २, ५.५ आणि ११ मेगाबिट हे १९९० च्या दशकातील वेग बंद करून किमान ६ किंवा १२ ठेवल्यास वर सांगितलेला घोषणांचा खर्च २ टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतो. मात्र अतिशय जुनी उपकरणे त्यानंतर जोडली जाणार नाहीत आणि जाळ्याचा काठ थोडा आत सरकेल.

‘आरटीएस थ्रेशोल्ड’ मूळचा २३४७ असतो, म्हणजे प्रत्यक्षात बंद. एका डब्याला जोडलेली दोन उपकरणे एकमेकांना ऐकू शकत नसतील, उदाहरणार्थ दगडी भिंतीच्या दोन बाजूंस, तर ती एकाच वेळी बोलून टक्कर करतात. अशा ठिकाणी हा आकडा ५०० च्या आसपास आणून पाहता येतो. ‘फ्रॅगमेंटेशन’ २३४६ वरच राहू द्यावे. ‘डब्ल्यूएमएम’ कधीही बंद करू नये. ते बंद केल्यास अनेक उपकरणांचा वेग ५४ मेगाबिटवर अडकतो आणि आवाजी संभाषणाला मिळणारे प्राधान्यही जाते.

हे शेवटचे सीमाभागात विशेष लागू आहे. बेळगाव आणि निपाणी दूरसंचाराच्या कर्नाटक मंडळात, तर कोल्हापूर आणि गोवा महाराष्ट्र मंडळात येतात. कोगनोळी, कागलच्या सीमेवर फोन कधी अलीकडचा, कधी पलीकडचा मनोरा धरतो. खानापूरच्या जंगलपट्ट्यातील घरांत मोबाइलचे बळ मुळातच कमी पडते. अशा ठिकाणी वायफायवरून होणारे मोबाइल संभाषण हा मोठा आधार ठरतो. त्यासाठी डब्ल्यूएमएम चालू असावे आणि राउटरच्या फायरवॉलमध्ये यूडीपीचे ५०० व ४५०० हे मार्ग अडवलेले नसावेत.

सुरक्षा

सुरक्षेसाठी ‘डब्ल्यूपीए३’ किंवा जुनी उपकरणे असल्यास ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ मिश्र प्रकार निवडावा. डब्ल्यूपीए३ ची घोषणा २०१८ मध्ये झाली. केवळ डब्ल्यूपीए२ उपलब्ध असल्यास सोबत ‘एईएस’च निवडावे, ‘टीकेआयपी’ कमकुवत आहेच, शिवाय ते वेगही ५४ मेगाबिटपर्यंत खाली आणते. ‘डब्ल्यूईपी’ ही पद्धत कालबाह्य असून ती काही मिनिटांत फुटते. ऑक्टोबर २०१७ मध्ये डब्ल्यूपीए२ मधील ‘क्रॅक’ हा दोष उघड झाला. त्याचा उपाय फर्मवेअरच्या अद्यतनातच आला होता, म्हणून त्याआधीचे आणि कधीही अद्ययावत न केलेले उपकरण बदलणेच बरे.

‘डब्ल्यूपीएस’ बंद करावे. त्याचा आठ अंकी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे कोट्यवधींऐवजी अवघ्या ११,००० प्रयत्नांत तो सापडू शकतो, हे २०११ च्या डिसेंबरमध्ये दाखवून देण्यात आले. ‘पीएमएफ’ हा पर्याय ‘ऑप्शनल’ वा ‘कॅपेबल’वर ठेवावा, त्यामुळे कोणी खोटे संदेश पाठवून उपकरणांना जाळ्यातून हुसकावू शकत नाही. मॅक पत्त्यांच्या यादीने प्रवेश रोखण्याचा उपाय आता टिकत नाही, कारण अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक जाळ्यासाठी वेगळा, बनावट मॅक पत्ता वापरतात.

पाहुणे आणि गल्ला वेगळे

दुकान, दवाखाना किंवा पतसंस्थेत सर्वांत मोलाचे सेटिंग कोणते, असे विचारल्यास उत्तर ‘गेस्ट नेटवर्क’ असे द्यावे लागेल. ग्राहकाला दिलेला पासवर्ड आणि हिशेबाच्या संगणकाचा पासवर्ड एकच असेल, तर चहा होईपर्यंत थांबलेल्या अनोळखी व्यक्तीचा फोन त्या संगणकाच्या, कॅमेऱ्यांच्या नोंदयंत्राच्या आणि कार्ड यंत्राच्या शेजारी येऊन बसतो. तो फोन मालकाच्या हेतूशिवायही संसर्ग पसरवू शकतो.

पाहुण्यांसाठी स्वतंत्र नाव ठेवावे. त्यात ‘क्लायंट आयसोलेशन’ चालू करावे, म्हणजे पाहुणे एकमेकांना दिसणार नाहीत. ‘लॅनला प्रवेश’ बंद ठेवावा आणि प्रत्येकी वेगमर्यादा घालावी. अनेक ॲक्सेस पॉइंट असल्यास हीच विभागणी तारेतूनही पुढे न्यावी लागते. त्यासाठी ‘व्हीलॅन’ वापरतात. उदाहरणार्थ कार्यालय १०, कॅमेरे २० आणि पाहुणे ३० असे क्रमांक देऊन ते स्विच, राउटर आणि ॲक्सेस पॉइंट या तिन्ही ठिकाणी जुळवावेत. एका ठिकाणीही क्रमांक चुकला तर नाव दिसते, पण पत्ता मिळत नाही. मुख्य जाळ्यावर आयसोलेशन लावू नये. अन्यथा स्वतःच्याच फोनवरून छपाई होणार नाही.

एकाहून अधिक ॲक्सेस पॉइंट

शाळा, वसतिगृह किंवा मोठ्या घरात सर्व डब्यांवर नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार एकच ठेवावा. चॅनल मात्र वेगवेगळे. फोन केव्हा डबा बदलतो हे फोनच ठरवतो, ‘८०२.११के’ आणि ‘व्ही’ त्याला शेजारच्या डब्यांची माहिती देतात, तर ‘आर’ अदलाबदल जलद करते. के आणि व्ही निर्धास्त चालू करावेत. आर चालू केल्यावर एखादे जुने उपकरण जोडले जात नसेल तर ते बंद करावे. तारेविना डबे एकमेकांना जोडणारी ‘मेश’ पद्धत सोयीची असली, तरी एकाच रेडिओवर दोन्ही कामे होत असतील तर प्रत्येक टप्प्यावर वेग साधारण निम्मा होतो. जेथे तार नेणे शक्य आहे तेथे तारच न्यावी.

उसाच्या रानापलीकडे

वस्तीपासून दूरच्या घरापर्यंत किंवा गुऱ्हाळापर्यंत जोडणी नेण्यासाठी दिशादर्शी अँटेनांची जोडी वापरतात. येथे केवळ दोन टोके एकमेकांना दिसणे पुरत नाही. लहरींना मधोमध फुगीर मार्ग लागतो : ५.८ गिगाहर्ट्झवर २ किलोमीटरच्या दुव्यासाठी मध्यबिंदूपाशी त्याची त्रिज्या सुमारे ५ मीटर होते आणि तिचा निदान ६० टक्के भाग, म्हणजे ३ मीटर, मोकळा हवा. लागणीच्या वेळी मोकळे दिसणारे रान बारा महिन्यांनी तीन मीटरच्या उसाने भरते. म्हणजे मध्यबिंदूवरील सरळ रेषा जमिनीपासून निदान ६ मीटर उंच हवी. हिवाळ्यात उत्तम चाललेला दुवा पावसाळ्यात ढासळतो, तो पावसाच्या धारांमुळे नव्हे, ओल्या पानांमुळे. प्रगत पानावरील ‘डिस्टन्स’ किंवा ‘एसीके टाइमआउट’ येथे प्रत्यक्ष अंतराएवढा, किंचित जास्त भरावा. अन्यथा पोचपावती येण्यापूर्वीच उपकरण संदेश पुन्हा पाठवीत राहते.

सार्वजनिक वायफायची जबाबदारी

वाचनालय किंवा उपाहारगृहात सर्वांसाठी वायफाय खुले ठेवायचे असल्यास, त्या जोडणीवरून घडलेल्या गैरकृत्याचा माग प्रथम जोडणीधारकापर्यंत येतो, हे लक्षात असावे. म्हणून भिंतीवर चिकटवलेला पासवर्ड हा मार्ग सुरक्षित नाही. मोबाइल क्रमांकावर येणाऱ्या सांकेतिक अंकाने प्रवेश देणे, जसे रेल्वे स्थानकांवर केले जाते, हा योग्य मार्ग होय. प्रवेशाचे पान मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत असल्यास सीमाभागात कोणाचीच अडचण होत नाही.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केलेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेत छोट्या दुकानदारालाही ‘पब्लिक डेटा ऑफिस’ चालवता येते. एकेकाळच्या एसटीडी-पीसीओसारखीच ही कल्पना आहे. त्यासाठी दुकानदाराला परवाना वा शुल्क लागत नाही. वापराच्या नोंदी सांभाळण्याचे काम नोंदणीकृत ‘ॲग्रिगेटर’ करतो. ज्या संस्था स्वतःच्या नोंदी ठेवतात त्यांच्यासाठी सर्ट-इनचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश महत्त्वाचे आहेत : नोंदी १८० दिवस जपाव्यात आणि उपकरणांची घड्याळे जुळलेली असावीत. म्हणून ‘एनटीपी’ चालू करून वेळेचा पट्टा ५:३० वर ठेवणे हे क्षुल्लक काम नव्हे. चुकीच्या वेळेची नोंद कोणाच्याही बचावाला येत नाही.

कामाचा क्रम

पूर्ण पान एका बैठकीत बदलण्याची गरज नाही. पुढील क्रम बहुतेक घरांना आणि दुकानांना पुरतो :

१. बॅकअप, फर्मवेअर, व्यवस्थापनाचा नवा पासवर्ड.
२. देश भारत, वेळ ५:३०.
३. डब्याची जागा आणि अर्थिंग.
४. २.४ वर चॅनल १, ६ किंवा ११ आणि रुंदी २०. ५ वर ३६ किंवा १४९ आणि रुंदी ४० वा ८०.
५. डब्ल्यूपीए२/३, एईएस, डब्ल्यूपीएस बंद.
६. पाहुण्यांचे वेगळे जाळे, आयसोलेशनसह.
७. शेवटी, गरज भासल्यासच, किमान वेग, आरटीएस आणि रोमिंग.

पहिली सहा कामे एका दुपारी आटोपतात आणि बहुसंख्य तक्रारी तेथेच संपतात. बदललेल्या आकड्यांचा कागद डब्याजवळच्या कपाटात ठेवावा. मात्र त्यावर पासवर्ड लिहू नये. पुढच्या वेळी तंत्रज्ञ बदललेला असेल, कदाचित जोडणी देणारी कंपनीही. तेव्हा त्या कागदावरूनच काम पुढे चालू होईल.